ताजच्या शेजारची खोली

अगं, काल फोनवर तू उत्साहानं सांगत होतीस, 'ताई, हॉटेल सापडलं, खोलीतून ताजमहाल दिसतो आणि भाडंही परवडतंय,' तेव्हाच तुला अडवणार होते. पण मागून सासूबाईंचा आवाज येत होता. त्यांच्यादेखत नको, म्हणून बोलले नाही. आता निवांत वाच आणि मगच पैसे भर.

आधी एक गोष्ट नीट समजून घे, बाकीचं मग तुझं तुलाच कळेल. शिर्डीला किंवा पंढरपूरला माणूस वर्षानुवर्षं जातो. तिथल्या लॉजवाल्याला ठाऊक असतं, हे कुटुंब पुढच्या वर्षी येणार आणि येताना आणखी चार माणसं आणणार. आग्र्याला आपल्याकडचं माणूस बहुधा आयुष्यात एकदाच जातं. एक रात्र राहतं आणि दुसऱ्या दिवशी मथुरा-वृंदावनला नाहीतर दिल्लीला निघून जातं. तू खूश झालीस काय आणि चिडलीस काय, परत येणार नाहीस हे मालकाला माहीत असतं. दाराबाहेर ताजमहाल उभा असल्यावर खोल्या भरायची त्याला काय चिंता! म्हणून अशा जागी हॉटेल पारखताना मी एवढंच बघते, की फोटोत जे येत नाही तिथं मालकानं हात आखडता घेतलाय का. पाणी, गादी, दाराची कडी, रात्री काउंटरवर बसणारा माणूस. हे सगळं नीट असेल, तर त्या माणसाला तुझी फिकीर आहे असं समज.

आणि अशी माणसं आहेत बरं का तिथं. ताजला लागून असलेली ताजगंजची वस्तीच मुळी सराईची. शाहजहाननं मकबरा बांधला तेव्हा त्याच्या दक्षिणेला बाजार आणि सराया बांधल्या, वस्तीला मुमताजाबाद म्हणू लागले, आणि तिथलं उत्पन्न मकबऱ्याच्या देखभालीला लावून दिलेलं होतं. म्हणजे परक्या मुलखातल्या वाटसरूला उतरवून घ्यायचं काम त्या गल्ल्या साडेतीनशेहून जास्त वर्षं करतायत. स्वस्त म्हणजे वाईटच असणार, ही भीती मनात ठेवून जाऊ नकोस. फक्त निवड डोळसपणे कर.

आता तुझ्या त्या 'खोलीतून ताज' बद्दल. हॉटेलनं टाकलेला फोटो सोडून दे, राहून गेलेल्या लोकांनी खिडकीतून काढलेले फोटो शोध. बहुतेकदा त्यात आधी काळ्या टाक्या दिसतात, मग विजेच्या तारांचा गुंता, मग दुसऱ्या हॉटेलची गच्ची, आणि त्या सगळ्याच्या वर घुमटाचा अर्धा गोल. तेवढ्यासाठी खोलीमागे चांगले चार-पाचशे जास्त मोजायचे? शिवाय ताज दिसतो तो वरच्या मजल्यावरून, म्हणजे खोलीच्या डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब. तुम्ही पोरांच्या सुट्टीत, मे महिन्यात निघालाय. आग्र्याचं ऊन तेव्हा पंचेचाळिसाच्या घरात जातं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो, आणि जुना एसी असेल तर त्याचा काही इलाज चालत नाही. बरं, नाताळात जावं म्हणशील, तर डिसेंबर-जानेवारीत सकाळी असं धुकं पडतं की समोरचा ताज दहा-अकरापर्यंत दिसतच नाही. खोली मधल्या मजल्यावरची घे आणि ताज बघायला गच्चीवर जा. तिथल्या बऱ्याच हॉटेलांच्या गच्चीवर चहा-नाश्त्याची सोय असते आणि ती सगळ्यांना मोकळी असते. फक्त माकडांपासून जप. चष्मा, मोबाइल, बिस्किटाचा पुडा, काहीही हातातून उचलतात. लेकीला एकटीला वर पाठवू नकोस. वाळत घातलेले कपडेही शाबूत राहत नाहीत.

संध्याकाळी ताज मनसोक्त बघायचा असेल तर यमुनेपलीकडे मेहताब बाग आहे. तिकीट थोडकं, गर्दी कमी, आणि मधे कुणाची टाकी नाही.

आता अंतर. ह्यात सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. हॉटेलवाला लिहितो 'ताजपासून पाचशे मीटर'. ते सरळ रेषेतलं, आणि तेही भिंतीपर्यंतचं. तुला भिंतीशी काय करायचंय, तुला दरवाजा हवा. ताजगंज दक्षिणेला आहे, आणि दक्षिण दरवाज्यातून आत सोडणं काही वर्षांपासून बंद आहे. आत जायचं ते पश्चिम किंवा पूर्व दरवाज्यातून. म्हणजे दक्षिण दरवाज्याला अगदी खेटून असलेल्या हॉटेलातूनही वळसा घालूनच जावं लागतं. नकाशावर हॉटेलपासून थेट पूर्व किंवा पश्चिम दरवाज्यापर्यंत पायी रस्ता काढून बघ, मग खरं काय ते कळेल.

दुसरं, ताजच्या भोवती पाचशे मीटरमध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे. पास असलेल्या सोडल्या तर बाकीच्या गाड्या बॅरिकेडपाशी थांबतात. स्टेशनवरून केलेली टॅक्सी तुला तिथंच उतरवणार, आणि पुढे बॅगा घेऊन ई-रिक्षा शोध नाहीतर चाल. तू आणि तुझा नवरा चालाल गं, पण सासूबाईंचे गुडघे? त्यांना खडबडीत गल्लीतून बॅगांच्या मागं चालवत नेलंस, तर पुढचा सगळा दिवस त्या कळ सोसत काढतील आणि तोंडानं एक शब्द बोलणार नाहीत. म्हणून फोनवर स्वच्छ विचार, 'टॅक्सी तुमच्या दारापर्यंत येते का? नाही आली, तर कुठं थांबते आणि तिथून आम्हाला न्यायला कुणी येईल का?' चांगला हॉटेलवाला पोऱ्या पाठवतो. 'बस पास में ही है मॅडम' एवढंच म्हणून जो विषय संपवतो, त्याचं नाव काट.

खरं सांगू का, तुमच्या मंडळींसाठी मला ताजगंजपेक्षा पूर्व दरवाज्याकडचा रस्ता बरा वाटतो. शिल्पग्रामच्या वाहनतळापासून दरवाज्यापर्यंत बॅटरीच्या गाड्या सुटतात, म्हातारं माणूस त्यात आरामात बसतं. फतेहाबाद रोडला थोडं लांब पडलं तरी गाडी दारात येते आणि त्याच भाड्यात खोली मोठी मिळते. दारात ताज हवा हा हट्ट सोडलास, तर तुझ्या बजेटात किती तरी चांगल्या खोल्या दिसायला लागतील.

लोकांचे अभिप्राय वाचशीलच, ते कसे वाचायचे तेही सांगते. पाच तारेवाले आणि एक तारावाले दोन्ही बाजूला ठेव. मधले तीन तारेवाले वाच, ती माणसं शांत डोक्यानं लिहितात. आणि तुम्ही जाणार त्याच मोसमातले वाच, म्हणजे गेल्या एप्रिल-मे-जूनचे. जानेवारीत खूश होऊन गेलेल्या माणसाला एसीबद्दल काय कळणार? तक्रारींमध्येही फरक करायला शीक. 'खोली लहान आहे', 'लिफ्ट नाही', 'नाश्ता साधाच' ह्या तक्रारी गरिबीच्या आहेत, त्या भाड्यात ते चालतं. पण 'ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे मागितले', 'दाखवली एक, दिली दुसरी', 'टॅक्सी आमच्याकडूनच घ्या म्हणून मागे लागले' असं दोघातिघांनी लिहिलेलं दिसलं, तर तिथं पाऊल टाकू नकोस. लहान खोलीत रात्र निघते. खोटेपणा करणाऱ्याच्या घरात तरण्या लेकीला आणि म्हाताऱ्या माणसाला घेऊन राहणं माझ्या जिवाला पटत नाही.

पत्ताही ताडून बघ. आग्र्यात हॉटेलांच्या नावात 'ताज' घालायची इतकी चाल आहे, की एकसारख्या नावांची हॉटेलं असतात. रिक्षावाला भलत्याच ठिकाणी उतरवतो आणि 'यही है' म्हणतो. आणखी एक ठरलेली थाप म्हणजे 'वो होटल तो बंद हो गया'. ऐकलंस की लगेच हॉटेलला फोन लाव आणि त्याच्यासमोरच बोल. त्याला दुसरीकडे नेल्याचं कमिशन मिळतं, आणि ते शेवटी तुझ्याच भाड्यातून वसूल होतं. आग्रा कँट स्टेशनाबाहेर प्रीपेडची खिडकी आहे, तिथूनच गाडी करा.

हॉटेलात पोचल्यावर सामान वर न्यायच्या आधी तू एकटी जाऊन खोली बघून ये. लाजायचं कारण नाही, पैसे आपण देणार आहोत. आधी न्हाणीघरात जा. तिकडचं जमिनीतलं पाणी खारं, त्यामुळे शॉवरच्या भोकांवर पांढरा थर बसलेला असतोच, त्याचं काही वाटून घेऊ नकोस. गरम पाण्याचा नळ सोड आणि बादली चौथाई भरेपर्यंत उभी राहा. धार बारीक होत गेली, तर पहाटे चार माणसांच्या अंघोळी होणार नाहीत. मोरीच्या जाळीशी वाकून वास घे. कुबट वास असेल तर रात्री दार लावल्यावर तो खोलीभर होतो. मग पलंग. उशीकडची चादर उचल, गादीची शिवण बोटानं उलगडून बघ. बारीक काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत, खोली बदलून माग नाहीतर सरळ बाहेर पड. अभ्र्याला तेलाचा वास येत असेल तर नवा मागून घे, तेवढ्यावरून भांडू नको. दाराची कडी आतून लावून दार ओढून बघ, खिडकी बंद होते का तेही बघ. एसी चालू करून पाच मिनिटं तिथंच बस. एवढ्या वेळात काउंटरवरचा माणूस तुझ्याशी कसा वागतो तेही कळतं. कुरकुर करतो की 'देख लीजिए, आराम से देख लीजिए' म्हणतो. दुसऱ्या तऱ्हेचा असेल तर मी बाकीच्या चार उणिवांकडे कानाडोळा करते.

ह्यासाठीच म्हणते, सगळे पैसे आधी भरू नकोस. रद्द करता येईल असंच बुकिंग घे, भले शंभर-दोनशे जास्त पडोत. कर धरून किती, चौथ्या माणसाच्या गादीचे वेगळे किती, हे मेसेजवर लिहून घे. आणि मोठ्या दादाचा मुलगा अमेरिकेहून येऊन तुमच्याबरोबर निघणार असेल, तर ते आत्ताच सांग. परदेशी पासपोर्टवाल्या पाहुण्याची नोंद हॉटेलला वेगळा फॉर्म भरून सरकारला कळवावी लागते. काही छोटी हॉटेलं ती कटकट नको म्हणून ऐनवेळी नाही म्हणतात.

कुणी 'गाडी मोफत देतो, येताना पाच मिनिटं संगमरवराचा कारखाना बघा' म्हणालं तर नको म्हणा. पच्चीकारीचं काम सुंदर असतं, बघायचं तर वेळ काढून स्वतः जा. ती मोफत गाडी दुकानात नेते, आणि दुकानात मऊ दगड संगमरवर म्हणून गळ्यात मारला जाऊ शकतो.

तारखांचं एकदा पक्कं कर. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. तुझ्या तिकिटावर गाडी गुरुवारी रात्री पोचतेय ना? मग शुक्रवारी लाल किल्ला बघा, मेहताब बाग करा आणि शनिवारी सूर्योदयाला ताज. दरवाजे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतात, मे महिन्यात तीच एक वेळ सुखाची. म्हणून हॉटेलला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, की पहाटे साडेचारला गरम पाणी आणि उघडं दार मिळेल का. पुष्कळ ठिकाणी रात्रीचा माणूस आतून कुलूप लावून गाढ झोपलेला असतो. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा, पंधरा वर्षांखालच्यांना ते लागत नाही. तिकीट तीन तासच चालतं, पण सकाळच्या गारव्यात तेवढे पुरतात. आत खाद्यपदार्थ, मोठ्या बॅगा, चाकू-लायटर काही नेता येत नाही, तेव्हा पर्स हलकी ठेव.

पुढेमागे कुणाला फेब्रुवारीत जायचं असेल तर सांगून ठेव, बहुधा १८ ते २७ फेब्रुवारीच्या सुमारास शिल्पग्रामला ताज महोत्सव भरतो, भाडी चढतात. शाहजहानच्या उरुसाला प्रवेश फुकट असतो आणि गर्दी अफाट.

शुक्रवारी किल्ल्याकडे जाल तेव्हा समोरच्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी लेकीला जरा थांबव. १२ मे १६६६ ला महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले ते ह्याच किल्ल्यात, आणि ऑगस्टमध्ये पहारे चुकवून निसटले ते ह्याच शहरातून. तिनं शाळेत वाचलेलं सगळं तिथं एकदम खरं होतं. मी उभी राहिले होते तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

शनिवारी ताज बघून परत येईपर्यंत नऊ-साडेनऊ होतील, खोली बाराला सोडायची आणि गाडी संध्याकाळची. तेवढा वेळ बॅगा काउंटरवर ठेवून घेतील का आणि सासूबाईंना खाली पंख्याखाली टेकायला जागा आहे का, हे आजच फोनवर विचार. काय म्हणाले ते मला रात्री कळव, नाव पक्कं करायच्या आधी.