गेंड्या भुंगा आणि डॉल्फिन : एक तुलनात्मक पाठ

किनाऱ्यालगतच्या शाळांत माशांची नावे विचारली असता मुले पुष्कळदा डॉल्फिनचेही नाव सांगतात. त्याच मुलांना माडावरील गेंड्या भुंगा परिचयाचा असतो. परंतु शेणखतातील जाड, पांढरी अळी हे त्याचेच अपत्य होय, हे त्यांना ठाऊक नसते. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. प्राणी कोठे राहतो व कसा दिसतो एवढ्यावरूनच त्याची जात ठरविली जाते.

शरीररचना : भुंगा हा कीटक आहे. त्याला सहा पाय असून शरीराचा आधार, म्हणजे कठीण कवच, बाहेर असते. त्याची लांबी सुमारे ४ सें.मी. असते. डॉल्फिन हा पृष्ठवंशी प्राणी असून त्याचा अस्थिपंजर शरीराच्या आत असतो. कोकण किनाऱ्याजवळ आढळणारा, पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन सुमारे २.५ मीटर लांब असतो. त्याच्या वल्ह्यासारख्या पुढील अवयवात हाताची व बोटांची हाडे असतात. माशाची शेपटी डावीउजवीकडे हलते, तर डॉल्फिनची वरखाली.

श्वसन : भुंग्याला फुप्फुसे नसतात. शरीराच्या बाजूंवरील छिद्रांतून हवा आत शिरते व सूक्ष्म नलिकांद्वारे सर्व अवयवांस पोहोचते. डॉल्फिनला माशाप्रमाणे कल्ले नसून फुप्फुसे असतात. श्वासासाठी त्याला पुनःपुन्हा पाण्यावर यावेच लागते. त्याची नाकपुडी माथ्यावर असते.

वाढ व संगोपन : भुंग्याची मादी कुजणाऱ्या खतात किंवा माडाच्या कुजक्या खोडात अंडी घालते. अळी कात टाकून वाढते, कोशात जाते व नंतर भुंगा बनते. पूर्ण भुंगा पुढे वाढत नाही. म्हणून लहान भुंगा हे मोठ्या भुंग्याचे पिल्लू नव्हे. डॉल्फिनची मादी मात्र एका वेळी एकच पिल्लू प्रसवते व त्यास दूध पाजते. म्हणूनच तो सस्तन प्राणी ठरतो. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली आपल्या ग्रंथात डॉल्फिन व देवमासे यांस माशांतून काढून सस्तन वर्गात घातले. गेंड्या भुंग्याचे शास्त्रीय वर्णनही त्याच ग्रंथात आहे.

ज्ञानाचा उपयोग : भुंगा माडाचा न उमललेला कोंब पोखरतो. खत वेळोवेळी उपसून अळ्या नष्ट केल्यास त्याचा उपद्रव कमी होतो. पाण्यातच राहणारा डॉल्फिनही जाळ्यात अडकून वर येऊ न शकल्यास गुदमरून मरतो. त्याला वेळीच सोडविले तर त्याचा जीव वाचतो. प्राण्याची खरी ओळख पटली म्हणजे त्याच्याशी कसे वागावे, हेही कळते.

स्वाध्याय
१. डॉल्फिनला मासा का म्हणू नये? तीन कारणे लिहा.
२. शाळेजवळच्या खतातील अळ्यांचे निरीक्षण करून चित्र काढा.
३. वटवाघूळ हा पक्षी आहे काय? याच रीतीने विचार करून उत्तर द्या.