मेडिकेडमधील कपात : वाचलेला खर्च जातो कोठे?

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी संमत केलेल्या कायद्याने अमेरिकेत दोन आरोग्य योजना अस्तित्वात आल्या. ‘मेडिकेअर’ ही वृद्धांसाठी आणि ‘मेडिकेड’ ही गरिबांसाठी. मेडिकेडचा खर्च केंद्र शासन व घटक राज्ये मिळून सोसतात. गरीब मुले, गर्भवती स्त्रिया, अपंग आणि शुश्रूषागृहांतील निर्धन वृद्ध हे तिचे प्रमुख लाभार्थी होत.

या योजनेत कपात करावी किंवा कसे, हा वाद जुनाच आहे. कपातीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नाही. पात्र व्यक्तीस लाभ नाकारता येत नसल्याने खर्चास निश्चित मर्यादा राहत नाही. मंदीच्या काळात राज्याचे उत्पन्न घटते आणि लाभार्थी मात्र वाढतात. धडधाकट माणसाने काम करावे, ही अपेक्षाही पुष्कळांना रास्त वाटते. तथापि, यादीतून नाव गेल्यावर रुग्णाचे काय होते, हे पाहिल्यावाचून या वादाचा निर्णय लागत नाही.

कॅलिफोर्नियाने १९८२ मध्ये सुमारे २,७०,००० गरीब प्रौढांना आपल्या योजनेतून वगळण्याचे ठरविले व त्यांची जबाबदारी स्थानिक प्रशासनांवर टाकली. लॉस अँजेलिसमधील अशा काही रुग्णांची पाहणी १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना उच्च रक्तदाबाचा विकार होता, त्यांचा खालचा रक्तदाब सहा महिन्यांत सरासरी १० मिलिमीटरने वाढलेला आढळला. हा विकार औषध थांबताच दुखू लागत नाही. त्याचे परिणाम मागाहून, पक्षाघाताच्या वा हृदयविकाराच्या रूपाने प्रकट होतात. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात मात्र केवळ बचतच दिसते.

आर्कान्सा राज्याने २०१८ मध्ये निराळा मार्ग अवलंबिला. लाभार्थी प्रौढांनी दरमहा ८० तास काम वा तत्सम उपक्रम केल्याची नोंद करावी, अशी अट त्याने घातली. प्रारंभी ही नोंद केवळ इंटरनेटद्वारेच करावी लागे. वर्षअखेरपर्यंत सुमारे १८,००० लोकांचे संरक्षण गेले. संशोधकांना असे आढळले की, ज्यांना ही अट लागू होती त्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोक ती आधीच पुरी करीत होते किंवा सूट मिळण्यास पात्र होते. रोजगारात वाढ झाल्याचेही दिसून आले नाही. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ही अट रद्द ठरविली. लोकांचे संरक्षण हिरावले ते आळसामुळे नव्हे, तर कागदोपत्री सोपस्कार पुरे न झाल्यामुळे.

१९८६ च्या एका कायद्यानुसार अमेरिकेतील रुग्णालयांना तातडीच्या रुग्णावर, तो पैसे देऊ शकत नसला तरी, प्राथमिक उपचार करावेच लागतात. म्हणजे वेळीच मिळालेल्या गोळीचा खर्च टळला, तरी अपघात विभागातील खर्च टळत नाही. तो रुग्णालयावर, स्थानिक करदात्यावर किंवा कर्जाच्या रूपाने कुटुंबावर पडतो.

४ जुलै २०२५ च्या केंद्रीय कायद्याने, २०१० च्या सुधारणेमुळे मेडिकेडच्या कक्षेत आलेल्या प्रौढांना हीच ८० तासांची अट २०२७ च्या प्रारंभापासून लागू करण्याची तरतूद केली. अपंग, तसेच लहान मुलांचे पालक यांना तीत सूट आहे. परंतु सूटही नोंदवहीत उमटावी लागते. म्हणून अशा धोरणाचे मूल्यमापन करताना किती पैसे वाचले, एवढेच पाहून भागणार नाही. ज्यांची नावे कमी झाली ते खरोखर अपात्र होते काय, याचीही छाननी झाली पाहिजे.