दगडावरची नावे

मंडळी, जालना शहरात टाऊन हॉलजवळ हुतात्म्यांचा स्मृतिस्तंभ आहे. निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली. त्या लढ्यात ज्यांनी प्राण दिले, त्यांची ही आठवण. जनार्दनमामा नागापूरकर हे त्यांतलेच. दर १७ सप्टेंबरला तिथे झेंडा लावतात.

आता त्याच महिन्यातली दुसरी तारीख पाहा. २३ सप्टेंबर १८०३. आपल्याच जिल्ह्यात असई नावाचे गाव आहे. एका अंगाला केळणा नदी, दुसऱ्या अंगाला जुई. या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. केळणेला उतार कुठे आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. पण दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. गावे अशी वसली, म्हणजे मधे उतार असणारच, हे त्याने ओळखले. आपल्याकडच्या गुराख्यालाही हे कळते, बरं का! त्या दिवशी ते परक्याच्या कामी आले.

मराठ्यांच्या तोफा शंभराच्या घरात होत्या. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. कितीतरी जण तोफेपाशीच कापले गेले. शेवटी इंग्रज जिंकले. त्यांच्या बाजूचे ४२८ मेले. त्यांत मद्रासकडचे आपले शिपाईही होते. हा आकडा दप्तरात नीट लिहिलेला आहे. आणि मराठ्यांचे किती? मेलेले व जखमी मिळून सुमारे सहा हजार, असे सांगतात. तो अंदाज झाला. त्या गोलंदाजांची नावे कोण सांगणार?

वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. लंडन शहरात त्याच्या नावाची मोठी कमान उभी आहे.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. लढाई इंग्रज सरकारची, पण पोरे गावची. सरकारने गावात स्मारक बांधले. आजही लोक त्या गावाला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात.

तुमच्या गावात किंवा तालुक्याला असा स्तंभ असेल, तर या आठवड्यात तिथे जा. अक्षरे झिजली असतील, तर बोट फिरवून वाचा. नावे वहीत उतरवून घ्या. त्यांतले कोणी ओळखीच्या घरचे निघाले, तर त्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हा कोण होता, काय काम करीत होता. पुढच्या वर्गात आपण ती नावे मोठ्याने वाचू.