गाडी उभी राहिली की थरथरते ना? मग हे ऐक

सिग्नलला गाडी थरथरायला लागली की तू आधी एसी बंद करतेस, मग न्यूट्रलला टाकून हलकी रेस देत राहतेस, आणि मागच्याने हॉर्न दिला की हातापायांना घाम फुटतो. बरोबर ना गं? दिंडोशीच्या सिग्नलला, हायवेला लागण्याआधीच्या त्या रांगेत, रोज सकाळी हेच. आता घरातले म्हणतात विकून टाक, बिल्डिंगमधले काका म्हणतात इंजिन गेलंय, आणि गॅरेजवाला म्हणतो सगळे इंजेक्टर बदलावे लागतील. यात तू गोंधळलीस हे साहजिकच आहे. पण खरं सांगू का, इंजेक्शनच्या जुन्या गाडीचं आयडलिंग बिघडतं तेव्हा कारण बहुतेकदा लहान असतं. महाग पडतं ते अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसणं. म्हणून आज माझं एवढंच ऐक. गाडी नेमकी कधी आणि कशी थरथरते हे तुला नीट सांगता येईपर्यंत कुणालाही पाना लावू द्यायचा नाही.

तुझी गाडी कोणत्या काळातली आहे ते आधी बघ. मुंबईत 2001 च्या सुमारास भारत स्टेज 2 चे नियम आले आणि नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर गेला. गाड्यांच्या मागे ‘एमपीएफआय’ अशी अक्षरं, म्हणजे इंजेक्शनची खूण, झळकायला लागली. सँट्रो तर 1998 साली आली तीच इंजेक्शन घेऊन. कार्ब्युरेटरच्या गाडीचा स्क्रू फिरवून रेस वाढवता यायची. तुझ्या गाडीत हवा-पेट्रोलचा हिशेब कॉम्प्युटर ठेवतो, मेकॅनिक ज्याला ईसीएम म्हणतात तो. तेव्हा ‘मॅडम, रेस जरा वाढवून देतो’ म्हणत कुणी थ्रॉटलच्या स्क्रूला हात घातला तर तिथेच थांबव. त्याने दुखणं झाकलं जातं, जात नाही, आणि पुढे ते शोधणं आणखी कठीण होतं. आणि बघ, गाडी 800 किंवा आल्टो असेल तर तिला बहुधा तीनच सिलिंडर असतील. तीन सिलिंडरची गाडी नवी असतानाही चार सिलिंडरवाल्या गाडीपेक्षा जरा जास्तच थरथरायची. पूर्वी कशी होती हे घरात ज्याने ती आधी चालवली त्याला विचार.

आता एक छोटी वही गाडीत ठेव आणि आठवडाभर नुसतं लक्ष दे. सकाळी थंड असताना थरथरते की अंधेरीपर्यंत रखडत जाऊन गरम झाल्यावर? एसी लावल्यावरच दचके देते का? आरपीएमचा काटा वर-खाली, वर-खाली असा एका लयीत झुलतो, की मध्येच अवचित झटका बसतो? काटा नसेल तर आवाजावरून कळतं. थोडी रेस दिली की ती लगेच शांत होते, की आरेच्या चढावरही पिकअप न घेता अडखळते, म्हणजे मिसिंग करते? यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नुसती उभी असताना वाईट आणि रेस दिल्यावर छान, तर बहुधा हवेची भानगड. दोन्ही वेळा वाईट, तर संशय स्पार्कवर आणि पेट्रोलवर.

असं का, ते समजून घे म्हणजे कुणी काही सांगितलं तरी तुला तोलता येईल. तू ॲक्सिलरेटरवरून पाय काढलास की थ्रॉटलची झडप जवळपास बंद होते. इंजिन तेव्हा बाजूच्या छोट्याशा वाटेने येणाऱ्या मोजक्या हवेवर जगत असतं, आणि ती वाट किती उघडायची हे एक छोटा व्हॉल्व्ह ठरवतो. मेकॅनिक त्याला आयएसी किंवा आयडल मोटर म्हणतात. आपल्या शेगडीचा बर्नर बारीक केल्यावर खिडकीतून वारा आला की ज्योत फडफडते, मोठ्या आचेला त्याच वाऱ्याचं काही वाटत नाही, तसंच हे. इंजिन बारीक आचेवर असतं तेव्हा थोडी जास्तीची हवासुद्धा त्याला हलवून सोडते. रेस दिली की तेवढी हवा हिशेबातच येत नाही.

ही चोरटी हवा शिरते ती रबरी पाइपांतून. पंधरा-वीस वर्षांत बॉनेटखालच्या उष्णतेने रबर कडक होतं आणि टोकाशी चिरतं. शिवाय आपल्याकडे उंदीर आहेत. आरेच्या कडेला, नागरी निवाऱ्याच्या बाजूला, किंवा कुठल्याही जुन्या सोसायटीत गाडी उघड्यावर उभी असते आणि पावसाळ्यात उंदीर इंजिनच्या उबेला येऊन बसतात. बारीक व्हॅक्यूम पाइप आणि सेन्सरच्या वायरी कुरतडणं हा त्यांचा आवडता उद्योग. तेव्हा इंजिन बंद आणि गार असताना बॉनेट उघड, टॉर्च घे आणि इंजिनमध्ये जाणारा प्रत्येक पाइप बोटांनी चाचपून बघ. कुठे चीर, कुठे निसटलेलं टोक, कुठे लेंड्या. मग गाडी चालू करून हातभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धर आणि दुसरं टोक पाइपांच्या सांध्यांजवळ फिरव. गळती असेल तिथे ‘स्सस्’ असा आवाज स्पष्ट येतो. पण हे करताना केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली, आणि पंखा व बेल्टपासून हात लांब. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो गं. आणि बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून हे उद्योग मुळीच करायचे नाहीत, त्या धुराने जीव जाऊ शकतो.

एक गोष्ट आजच करून बघ, उद्यावर टाकू नको. गाडी उभी, इंजिन चालू, आणि ब्रेकचं पेडल दाबून धर. दाबल्याबरोबर आयडलिंग बदलत असेल, किंवा पेडल दगडासारखं कडक लागत असेल, तर ब्रेकच्या बूस्टरला जाणारा पाइप किंवा बूस्टरच हवा खातोय. मग थरथर राहू दे बाजूला, प्रश्न ब्रेकचा आहे. ते दुरुस्त होईपर्यंत गाडी हायवेवर न्यायची नाही. यात मी काही ऐकून घेणार नाही.

पाइप धडधाकट निघाले तर पुढचा संशय थ्रॉटल बॉडीवर. इंजिनातली तेलकट वाफ परत आत घेतली जाते, ती झडपेच्या कडेला आणि त्या आयडलच्या वाटेत काळी चिकट होऊन बसते. रखडत्या ट्रॅफिकमध्ये दिवस काढणाऱ्या आपल्या गाड्यांना हे फार होतं. एसी लावल्यावर गाडी बसते, सिग्नलला येऊन थांबताना बंद पडते, ही त्याची खूण. थ्रॉटल क्लीनरचा स्प्रे आणि मऊ कापड, एवढ्यात काम होतं. मात्र साफ केल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर काही गाड्यांची रेस थोडा वेळ चढलेली राहते. घाबरू नको, कॉम्प्युटरला जुन्या घाणीची सवय झालेली असते. इंजिन गरम करून काही मिनिटं एसीशिवाय आणि मग एसी लावून नुसतं चालू ठेवलं की ते बहुधा जुळवून घेतं. एअर फिल्टरही त्याच वेळी बघ. फिल्म सिटी रोडच्या बांधकामांची धूळ त्यात किती असते ते बघून तुलाच नवल वाटेल.

झटका अवचित बसत असेल, मागे सायलेन्सरला हात धरल्यावर फुस् फुस् असं तुटक लागत असेल (हात थोडा लांबच धर हं, सायलेन्सर भाजतो), तर गाडी मिसिंग करतेय. एखादा सिलिंडर काम करत नाहीये. आता प्लग काढायला लाव आणि ते ओळीने मांडून ठेवायला सांग. कॉफीसारखा तपकिरी रंग म्हणजे ठीक. कोरडा काळा थर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पेट्रोलने ओला म्हणजे तिथे ठिणगीच पडत नाहीये. तेलकट असेल तर विचार की तेल प्लगच्या वरच्या खळग्यात साचलंय की खाली टोकाशी आहे. वर असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय, ते काम फार मोठं नसतं. टोकाशी असेल तर इंजिन तेल जाळतंय आणि मग मात्र गेज लावून कॉम्प्रेशन तपासून घ्यावंच लागेल. पावसाळ्यातच हा त्रास होत असेल तर प्लगच्या केबली आणि कॉइल बघ. जुन्या केबलीतून ओल धरल्यावर ठिणगी बाहेरच उडते, अंधारात बॉनेट उघडलं तर कधीकधी दिसतेही. कोणता सिलिंडर झोपलाय हे शोधायला मेकॅनिकने एकेका इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढायचा. ज्याचा काढल्यावर इंजिनला काहीच फरक पडत नाही, तोच. चालू गाडीची प्लगची केबल ओढून बघायची जुनी पद्धत नको. शॉक बसतो, कॉइल जाऊ शकते, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. त्याच कारणासाठी मिसिंग करणारी गाडी महिनोन् महिने तशीच हाकू नको.

गाडीला सीएनजी किट आहे का? मग तुझ्या हातात तपासणीचं फुकटचं यंत्रच आहे. गरम इंजिनवर आधी गॅसवर आयडलिंग बघ, मग बटण दाबून पेट्रोलवर बघ. फक्त पेट्रोलवर थरथरते तर इंजेक्टर, पंप, फिल्टर. वर्षानुवर्षं न वापरलेले इंजेक्टर चोंदतात, म्हणून रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालव. फक्त गॅसवर थरथरते तर किटचं ट्युनिंग किंवा प्लग, कारण सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते आणि थकलेला प्लग तिथे आधी उघडा पडतो. दोन्हीवर सारखीच तर पेट्रोलच्या इंजेक्टरवर खर्च करण्यात काही अर्थ नाही.

पेट्रोलचं म्हणशील तर पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. तुझी गाडी बनली तेव्हा हा हिशेब कुणी धरला नव्हता. पण प्रत्येक थरथरीचं खापर त्यावर फोडणंही मला पटत नाही. ऑक्सिजन सेन्सर धड असेल तर कॉम्प्युटर बराच फरक सांभाळून घेतो. तू एवढंच बघ की पेट्रोलचे जुने रबरी पाइप भेगाळलेले नाहीत ना आणि बॉनेटखाली पेट्रोलचा वास येत नाही ना. वास आला तर गाडी बंद, आणि पाइप बदलल्याशिवाय चालू करायची नाही. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर तेच पेट्रोल टाकीत पडून राहू देऊ नको, इथेनॉल हवेतली ओल ओढतं.

आता एक गोष्ट सांगते जी फारसं कुणी सांगत नाही. तुझ्या ग्लव्ह बॉक्समधला पीयूसीचा कागद काढ. ही तपासणी आयडलिंगलाच होते, म्हणजे गाडी तुला त्रास देते नेमकी तेव्हा. त्यावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) टक्क्यांत आणि एचसी (हायड्रोकार्बन) पीपीएममध्ये लिहिलेलं असतं. बीएस 2 आणि बीएस 3 गाड्यांना मर्यादा सीओ 0.5 टक्के आणि एचसी 750. बीएस 4 ला 0.3 आणि 200. सीओ जास्त असेल तर पेट्रोल जास्त जातंय: चोंदलेला एअर फिल्टर, गळका इंजेक्टर, किंवा इंजिन गार आहे असं खोटंच सांगणारा तापमानाचा सेन्सर. सीओ ठीक आणि एचसी वर, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग किंवा जास्तीची हवा. गरम गाडी घेऊन पुन्हा एकदा तपासणी करून घे, आणि तिथल्या माणसाला स्पष्ट सांग की ‘पास करून द्या’ नको, खरे आकडे हवेत.

आणि सगळे आकडे छान, आवाज एकसारखा, काटा स्थिर, तरी स्टिअरिंग नि सीट थरथरतेय? मग इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरांवर ते बसवलेलं असतं ती, बघायला सांग. रबर बसलं की इंजिनची साधी हालचालही थेट तुझ्यापर्यंत येते. यासाठी इंजिन खोलायला निघालेल्या माणसाला नमस्कार करून परत ये.

गॅरेजमध्ये जाताना वही बरोबर ने आणि ‘गाडी नीट चालत नाही’ असं म्हणू नको. ‘गरम झाल्यावर, एसी लावला की काटा झुलतो, रेस दिली की थांबतो, ब्रेक दाबल्याने फरक नाही’ असं म्हण. गाडी 2010 च्या आधीची असेल तर ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर तिच्याशी बोलेलच असं नाही, म्हणून तुझ्या गाडीच्या कंपनीच्या जुन्या गाड्यांचा स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याला गाठ. आणि कोड आला म्हणजे तो सेन्सर लगेच बदलायचा असं नसतं. आधी त्याची वायर आणि कनेक्टर तपासायला लाव, उंदीर आठव. एका वेळी एकच काम, त्यानंतर दोन दिवस चालवून बघायचं. काढलेला जुना पार्ट मागून घ्यायचा. बिलावर नुसतं ‘ट्युनिंग’ लिहिलं तर चालवून घेऊ नको. काय साफ केलं, काय बदललं आणि किती किलोमीटरला, हे लिहून घे आणि बिल त्याच वहीत चिकटव.