बदलते हवामान आणि माळरानावरील गवते

पुणे, सातारा, अहिल्यानगर व सोलापूर या जिल्ह्यांतील पर्जन्यछायेच्या प्रदेशात विस्तीर्ण माळराने आहेत. वरकरणी ती ओसाड भासली, तरी धनगरांच्या मेंढ्या व लहान शेतकऱ्यांची जनावरे यांना त्यांचाच मोठा आधार असतो. हवामान बदलल्यास येथील गवते टिकतील काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

गवतांचे पट्टे

दबडघाव व शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये भारतातील गवताळ आच्छादनाचे पाच प्रमुख प्रकार सांगितले. द्वीपकल्पावर शेडा व मारवेल, राजस्थानच्या कोरड्या भागात अंजन, धामण व सेवण, तर हिमालयाच्या माथ्याकडे थंडी मानवणारी गवते आढळतात. तापमान, पाऊस व जमीन यांवरून या पट्ट्यांच्या सीमा ठरतात.

सीमा का सरकतात?

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते; आज ते ४२० च्या वर आहेत. उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते हा वायू पानांत एकवटून थोड्या पाण्यात अन्न तयार करतात. त्यामुळे त्यांना उष्णता मानवते. मात्र वाढलेल्या वायूचा लाभ झुडपांना व थंड प्रदेशातील गवतांना तुलनेने अधिक मिळतो. परिणामी, उष्ण प्रदेशातील गवते डोंगरउतारांवर वर सरकण्याचा, तर माळांवर काटेरी झुडपे पसरण्याचा संभव आहे. पर्वतमाथ्यावरील गवतांना मात्र आणखी वर जाण्यास जागाच उरत नाही.

गवताचा प्रवास बीजरूपाने होतो. वाटेत नांगरलेली शेते, रस्ते व वसाहती आल्या, तर अनुकूल जागा असूनही बी तेथे पोहोचत नाही. त्यात अतिचराईची भर पडली, की मारवेल व शेडा मागे हटतात आणि कुसळी वाढते. तिची कुसे मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत रुततात.

ग्रामपंचायतींचे कार्य

हवामान गावाच्या हाती नसले, तरी गायरान आहे. त्याचे भाग पाडून आळीपाळीने चराई करावी. बी झडेपर्यंत एक भाग राखून ठेवावा. पावसाच्या आरंभी मारवेल व पवन्याचे बी पेरावे. कुसळी फुलोऱ्यापूर्वीच कापून चाऱ्यास वापरावी. झुडपे वेळीच काढावीत आणि माळ पडीक समजून त्यावर सरसकट वृक्षलागवड करू नये. जेथे बहुवर्षायू गवतांची मुळे जमिनीत शाबूत आहेत, तेथे अवर्षणानंतरही चारा पुन्हा उगवू शकतो. ती मुळे राखणे हीच उद्याच्या पशुधनाची तरतूद होय.