गोड ज्वारी: बियाण्याची ताटे आत्ताच निवडा

आर्द्रात पेरलेली गोड ज्वारी आता दाणे भरू लागली आहे. इथेनॉलसाठी पुढच्या खरिपात ती लावायची, तर बियाण्याची निवड उभ्या पिकातच करावी लागते. कणसे खळ्यावर आल्यावर कोणत्या ताटात रस होता, हे कळायला मार्ग नाही.

आधी आपल्याकडचे बियाणे कोणते, ते पाहा. ‘सीएसएच २२ एसएस’ हा २००५ सालचा संकर आहे. त्यातली नरवंध्य मादी इक्रिसॅट या संशोधन संस्थेची, तर नर ‘एसएसव्ही ८४’ हा गोड धाटाचा वाण. संकराचे बी घरी धरले की पुढच्या पिढीत ताटे उंच-ठेंगणी, गोड-फिकी अशी फुटतात. ते दरवर्षी विकतच घ्यावे. ‘एसएसव्ही ८४’सारख्या सरळ वाणाचे बी मात्र घरी राखता येते. निवडीची मेहनत तिथेच करावी.

पहिली चाळणी पानावर होते. पान उजेडाकडे धरून मधली शीर पाहा. शीर पांढरीफेक असेल तर बहुधा धाट भेंडासारखे कोरडे निघते; मळकट हिरवी असेल तर आत रस असतो. अशा ताटांना सुतळी बांधून ठेवा. बांधावरची ताटे सोडून द्या. त्यांना ऊन आणि खत जास्त मिळते, ती उगीच जोमदार दिसतात. शेताचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातले चांगले ताट घेतले, तर जमिनीच्या कसदारपणाने फसगत होत नाही.

ज्वारीत काही प्रमाणात परपरागीकरण होतेच. शेजारी दुसरी ज्वारी असेल आणि तुमचे कणीस नुकते निसवत असेल, तर फुलोऱ्याआधी कागदी पिशवी चढवा. दाणा धरला की ती काढा. खरिपाच्या दमट हवेत पिशवीखाली बुरशी लवकर येते.

दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा पक्व झाला. कणीस काढून घ्या, मग धाट तोडून बुडाच्या, मधल्या आणि शेंड्याकडच्या पेराचा थेंब ब्रिक्समीटरवर तपासा; रसात विरघळलेले घटक शेकडा किती, ते ब्रिक्स सांगतो. हस्ताच्या सरी पडून गेल्यावर लगेच मोजू नका, रस पातळ दाखवतो.

इथेच बहुतेकांची गफलत होते: नुसता ब्रिक्स बघतात. एका ताटाचा ब्रिक्स १९, पण रस १५० ग्रॅम. दुसऱ्याचा १६ आणि रस २५० ग्रॅम. पहिल्यात विरघळलेले घटक साडेअठ्ठावीस ग्रॅम, दुसऱ्यात ४०, आणि त्यात बहुतांश साखरच. माझी पसंती दुसऱ्यालाच. लोळलेले किंवा खोडकिडीने पोखरलेले ताट मात्र कितीही गोड असो, बाद करा. खरिपातली ही निवड रब्बीसाठी गृहीत धरू नका. थंडीत साखर तितकी भरत नाही.

फलटणच्या निंबकर संस्थेने ‘मधुरा’ संकर दिला, राहुरी-अकोल्याचेही वाण आहेत. २०१८च्या जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचे नावही आहे. तरी क्षेत्र वाढवण्याआधी जवळच्या कारखान्याशी भाव आणि तोडणीची तारीख लेखी ठरवा. तोडलेल्या धाटातली साखर पडून राहिल्यास घटते; त्याच दिवशी गाळप होणार नसेल, तर कडब्यासाठीची ज्वारीच पेरलेली बरी.