पुली शेवटी

सुपरचार्जरच्या लहान पुलीचं खोकं घरी आलंय म्हणालास. ते तसंच ठेव, उघडू नकोस.

तुझ्या चॅलेंजर हेलकॅट गाडीला सुपरचार्जर कंपनीनंच बसवून दिलाय. 6.2 लिटरचं व्ही-8 इंजिन, 707 अश्वशक्ती, आणि किल्ल्या दोन. काळ्या किल्लीवर गाडी 500 वरच थांबते, पूर्ण ताकद लाल किल्लीवर. निदान यंदाचा हिवाळा काळीवर काढ. मिशिगनच्या थंडीत, पारा सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायर कडक पडतात आणि रस्ता सोडतात. दोन टनांची गाडी मग कुणाचं ऐकत नाही. थंडीचे टायर वेगळे घे, बाकीचं त्यानंतर.

इथं अक्कलकोटात मी जन्मभर डिझेलचे पंप आणि नोझल केले. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवाले यायचे, "मिस्त्री, पंप जरा वाढवून द्या, दोन ट्रॉल्या ओढायच्यात." वाढवणं अवघड नव्हतंच. पण डिझेलला जादा पाजलं की ते तापतं, काळा धूर ओकतं आणि शेवटी पिस्टन खातं. तुझ्या पेट्रोलचं बरोबर उलटं. तिथं कमी पाजलं की घात. हवा वाढली आणि पेट्रोल मागं राहिलं की मिक्श्चर लीन होतं, नॉकिंग सुरू होतं, आणि दाबाखालच्या इंजिनात काही सेकंदांत पिस्टनची कड उडते. आमचं दुखणं धुरावरून कळायचं. तुझ्याकडं धूर दिसेल तेव्हा काम संपलेलं असेल. म्हणून तुझा डोळा म्हणजे लॉग. लॅपटॉप जोडायचा आणि नॉक, पेट्रोलचा दाब, आत जाणाऱ्या हवेचं तापमान हे सगळं नोंदवायचं. मूळ गाडीचा लॉग आधी काढून ठेव, नाहीतर पुढं काय बिघडलं ते कशाशी ताडून बघणार?

पुली लहान केली की सुपरचार्जर जोरात फिरतो, हवा जास्त दाबतो. कंपनीचा दाब सुमारे साडेअकरा पीएसआय आहे. पण दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा नॉकिंगला बोलावणं धाडते. शिवाय तो फिरतो इंजिनच्याच पट्ट्यावर, फुकट नव्हे. पूर्ण जोरात तो एकटाच 80 च्या आसपास अश्वशक्ती खातो. लहान पुलीवर पट्ट्याची पकड कमी होते. वरच्या आरपीएमला दाब वाढण्याऐवजी उतरताना दिसला तर पट्टा सरकतोय असं समज.

म्हणून आधी इंजिनाचं पोट भरायची सोय कर. पेट्रोल पंप आणि इंजेक्टर पुरतात का, ते बघ. इंजेक्टर 85 टक्क्यांच्या पुढं उघडे राहत असतील तर मोठे घालावे लागतील. स्पार्क प्लग एक पायरी थंड घ्यायचे, गॅप कमी ठेवायची. दाबलेली हवा थंड करायचा रेडिएटर आणि त्याचा पाण्याचा पंप वाढवायचा. त्यानंतर पुली, आणि त्याच दिवशी ट्यूनिंग. ट्यूनिंगशिवाय पुली घालून घरापर्यंतसुद्धा चालवू नकोस.

पेट्रोलचे आकडे वाचताना गफलत होते. तिकडं ऑक्टेन दोन मोजण्यांची सरासरी काढून लिहितात, आपण रिसर्च ऑक्टेन लिहितो. म्हणून तिकडचं 93 आपल्या मोजणीनं 98 च्या जवळपास जातं. ई-85 वर, म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, जायचं डोक्यात आहे ना? इथेनॉल आपल्या सोलापूरच्या कारखान्यांतही निघतं, थंडावा देतं, नॉकिंग दाबतं, खरंय. पण लिटरमागं ऊर्जा कमी असल्यानं इंजिन सुमारे 30 टक्के जास्त पितं. आणि तिकडं ई-85 लिहिलेल्या पंपावर इथेनॉल 51 ते 83 टक्के काहीही असू शकतं, हिवाळ्यात कमीच. इथेनॉल मोजणारा सेन्सर बसवल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नको.

पुढचे ब्रेक 390 मिलिमीटरच्या डिस्कचे आहेत, ते पुरतील. त्यातलं ऑइल जुनं असलं की उकळतं, तेवढं बदल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नको, तिकडं तो गुन्हा आहे. इथंही मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आरटीओला न विचारता इंजिनाची ठेवण बदलता येत नाही. वॉरंटीच्या कागदात काय लिहिलंय ते वाच आणि विमावाल्याला आधी सांग, अपघातानंतर नव्हे.

जोर अजमावायचा तर ड्रॅगस्ट्रिपवर. तुझ्याकडच्या वुडवर्ड रस्त्यावर ऑगस्टात गाड्यांची जत्रा भरते म्हणतोस, तिथं काळी किल्ली लाव.

आणि तुझ्या आईला 707 चा आकडा सांगू नकोस. मी तिला "इंजिन जरा मोठं आहे" एवढंच सांगितलंय.